स्तनलघूकरण शस्त्रक्रिया

स्तनलघूकरण शस्त्रक्रिया : शरीराच्या बांध्याशी प्रमाण सोडून वाढलेल्या स्तनांतील जादा ग्रंथी-ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह), वसा (चरबी) व त्वचा काढून स्तनांचे वजन आणि आकारमान कमी करण्याच्या व खाली ओघळलेले स्तनाग्र योग्य उंचीवर आणून बसविण्याच्या शस्त्रक्रियेस स्तनलघूकरण असे म्हणतात. ती प्लॅस्टिक शल्यचिकित्सेच्या कक्षेत येत असल्याने केवळ सौंदर्यवर्धनासाठीच केली जाते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. मान, खांदे व पाठ यांचे वर्षानुवर्षे चालणारे दुखणे, स्तनांखालच्या घडीत सतत होणारी कातडीची सूज व चिघळ, श्रमाचे काम करताना होणारा अडथळा ही तिची प्रमुख कारणे होत. एका स्तनातून काढलेल्या ऊतकाचे वजन पुष्कळदा ५०० ग्रॅ. पेक्षा अधिक भरते. काही रुग्णांत ते १ किग्रॅ. च्याही पुढे जाते. एवढे ओझे शरीराच्या पुढच्या बाजूस अहोरात्र बाळगणाऱ्या स्त्रीची तक्रार ही तक्रार म्हणून ऐकली जावी, यासाठी वैद्यकाला विसावे शतक अर्ध्यावर येईपर्यंत थांबावे लागले.

या शस्त्रक्रियेच्या इतिहासात दोन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला तांत्रिक आहे : ऊतक काढून टाकणे सोपे, पण उरलेल्या स्तनाग्राचा रक्तपुरवठा टिकविणे अवघड. दुसरा सामाजिक आहे : हे दुखणे खरे मानायचे की नाही, आणि मानले तर ते कोणापुढे सांगायचे.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेत स्तनलघूकरणाचे वर्णन नाही. तथापि चिकित्सास्थानात स्तनविद्रधीच्या (स्तनातील गळवाच्या) उपचारात पिकलेल्या गळवाला शस्त्र लावताना दूध वाहून नेणाऱ्या नाड्या व काळसर स्तनाग्र टाळावे, असा स्पष्ट निर्देश आहे. स्तनावर शस्त्र चालविताना काय वाचवायचे, हे त्या ग्रंथकाराला नेमके ठाऊक होते. पुढे अठराशे वर्षांनी युरोपीय शल्यविशारद ज्या प्रश्नाशी झगडले तो याहून वेगळा नव्हता.

स्तनाचे आकारमान शस्त्राने कमी करण्याचे पहिले ज्ञात वर्णन स्त्रियांसंबंधी नसून पुरुषांसंबंधी आहे, हे लक्षणीय होय. इ. स. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य ईजायनाचा पॉल याने पुरुषांतील स्तनवृद्धीवर, स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन आतील वसा काढण्याची कृती सांगितली आहे. पुरुषाला स्त्रीसारखे स्तन येणे ही अप्रतिष्ठा मानली जाई, म्हणून तिच्यावर इलाज शोधला गेला. स्त्रीच्या बाबतीत अशी निकड कोणास वाटली नाही. इ. स. १६६९ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथील विल्यम डर्स्टन या वैद्याने एका तरुण स्त्रीचे स्तन अल्पावधीत प्रचंड वाढल्याची हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती स्त्री त्याच दुखण्यात दगावली आणि मृत्यूनंतर काढलेल्या तिच्या एका स्तनाचे वजन ६४ पौंड (सु. २९ किग्रॅ.) भरले. काही लेखकांनी पुढे या घटनेची गणना पहिल्या स्तनलघूकरणात केली. वस्तुतः जिवंतपणी तिच्यावर अशी शस्त्रक्रिया झालीच नव्हती.

पुण्याचे नाक आणि देठाचे तत्त्व : प्रस्तुत शस्त्रक्रियेचा पाया ज्या तत्त्वावर उभा आहे त्याचा आधुनिक जगाला झालेला परिचय मात्र महाराष्ट्रातून झाला. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. सु. एक वर्ष तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या सेवेतील डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचा उल्लेख आहे. तिचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर १७९४ च्या लंडन येथील जंटलमन्स मॅगझीन या मासिकात आला.

कृती अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुडख्यावर बसवून नव्या नाकाचा साचा तयार करीत. तो सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी त्वचा सोडवून घेत. दोन्ही डोळ्यांच्या मधला चिंचोळा पट्टा मात्र कापीत नसत. त्या देठावरच कपाळाची त्वचा उलटवून नाकाच्या जागी बसवीत. सांधा पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्यांनी धरून ठेवीत. देठ सु. २५ व्या दिवशी कापीत. तोपर्यंत नव्या जागी रक्तवाहिन्यांची जुळणी झालेली असे. जोझेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही पद्धत वापरली व १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तेथून ती युरोपभर गेली.

कपाळाचा तुकडा पूर्ण सुटा केला तर तो काळा पडून गळतो, देठावर ठेवला तर जगतो. स्तनलघूकरणाचे मर्म याच वाक्यात आहे. तेथे फक्त नाकाच्या जागी स्तनाग्र आणि कपाळाच्या जागी स्तनाचा आतला भाग समजावा. मेणाच्या साच्याचाही वारसा पुढे चालला, तो खाली येईलच.

युरोप व अमेरिकेतील विकास : बर्लिनचे विख्यात शल्यविशारद योहान फ्रीड्रिख डीफेनबाख (१७९२–१८४७) यांच्या मरणोत्तर, १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्तनाखालच्या घडीत व्रण लपवून स्तनाचा खालचा भाग कमी करण्याचा उल्लेख आहे. १८९७ मध्ये फ्रान्समधील पूसाँ यांनी स्तनाच्या वरच्या बाजूची चंद्रकोरीच्या आकाराची त्वचा व ऊतक काढून उरलेला भाग छातीच्या स्नायूवरील पटलाला शिवला. या प्रयोगांत स्तनाग्राला फारसा धक्का लागत नसे, पण स्तन मोठा असेल तेव्हा त्यांचा उपयोगही फारसा होत नसे.

अतिशय मोठ्या स्तनांसाठी शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये धाडसी मार्ग सुचविला : स्तनाग्र पूर्ण सुटे करून, जादा भाग काढून झाल्यावर नव्या जागी त्वचेच्या कलमासारखे लावणे. ते बहुधा जगते, परंतु त्यातील दुग्धवाहिन्या कायमच्या तुटतात आणि स्पर्शज्ञानही पुष्कळ अंशी जाते. ही पद्धत आजही फार मोठे स्तन, अधिक वय वा इतर आजार असलेल्या निवडक रुग्णांत वापरतात. व्हिएन्नाचे हेर्मान बीझेनबेर्गर यांनी १९२८ मध्ये त्वचा व ग्रंथी एकमेकांपासून सर्वस्वी वेगळ्या करण्याची पद्धत मांडली. ती सु. तीस वर्षे लोकप्रिय राहिली आणि त्वचा वा स्तनाग्र कुजण्याचे प्रकारही तिच्यात तितकेच सर्रास होत. श्वार्ट्समान यांनी १९३० मध्ये स्तनाग्राभोवतालच्या त्वचेचा केवळ वरचा थर काढून खालचा थर राखल्यास त्यातील सूक्ष्म वाहिन्या स्तनाग्राला जगवितात, हे दाखवून दिले. एकूण प्रगतीत हा टप्पा सर्वांत मोलाचा मानावा लागेल. देठ आता त्वचेच्या आत लपविता येऊ लागला आणि तो २५ व्या दिवशी कापण्याचीही गरज उरली नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट वाइझ यांनी स्तनबंधाच्या (काचोळीच्या) कापडी बेतावरून त्वचा कापण्याचा एक ठराविक साचा तयार केला. शिंप्याने कापडावर बेत आखावा तसा तो शस्त्रक्रियेपूर्वी स्त्रीला उभी करून तिच्या अंगावर आखला जातो, कारण आडवे झाल्यावर स्तनाचा आकार बदलतो. यामुळे शल्यविशारदाच्या नजरेवर अवलंबून असलेले काम मोजमापात आले. त्यानंतरच्या वीस वर्षांत देठ कोणत्या बाजूचा ठेवावा, याचीच चर्चा झाली. स्वीडनमधील स्ट्रम्बेक यांनी १९६० मध्ये आडवा दुहेरी, स्कूग यांनी १९६३ मध्ये बाजूचा, तर अमेरिकेतील मॅकिसॉक यांनी १९७२ मध्ये उभा दुहेरी देठ वापरला. १९७५ ते १९७७ या काळात रिबेइरो, रॉबिन्स, तसेच कर्टिस व गोल्डविन यांनी खालच्या बाजूच्या देठाची पद्धत मांडली व ती दीर्घकाळ सर्वाधिक प्रचारात राहिली.

या सर्व पद्धतींत स्तनाग्राभोवती, तेथून खाली उभा व घडीत आडवा असा नांगराच्या आकाराचा लांब व्रण राहतो. तो आखूड करण्याच्या प्रयत्नांना १९९० नंतर जोर आला. फ्रान्सचे लासूस यांच्या पद्धतीत सुधारणा करून ब्रुसेल्सच्या मदलेन लझूर यांनी व नंतर कॅनडातील एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी (१९९९) केवळ उभा व्रण ठेवणाऱ्या पद्धती रूढ केल्या. या इतिहासातील अग्रगण्य नावांत येथवर स्त्री शल्यविशारद आढळत नाही, आणि ती आढळते तेव्हा व्रणाचा प्रश्न पुढे आलेला दिसतो. हा योगायोगच असेल असे नाही.

महाराष्ट्रातील वाटचाल : पुण्याच्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकात लोप पावली. स्वातंत्र्योत्तर काळात भारतात प्लॅस्टिक शल्यचिकित्सेची नव्याने उभारणी झाली. तिच्या भारतीय शल्यविशारदांची संघटना १९५७ मध्ये स्थापन झाली आणि १९५८ मध्ये सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा देशातील पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा विभाग नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी नावारूपास आणला. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीझ यांच्याकडे शिकून आलेल्या अंतियांनी आपले कौशल्य प्रथम कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांसाठी व बसलेल्या नाकांसाठी वापरले. बालकृष्णन यांचे नाव दुभंगलेले ओठ व टाळू यांच्या वर्गीकरणाशी जोडले गेले आहे. भाजलेले, कुष्ठरोगाने विद्रूप झालेले, जन्मतः व्यंग असलेले व अपघातग्रस्त अशा रुग्णांची रांग इतकी मोठी होती की, स्तनांच्या ओझ्याची तक्रार घेऊन येणारी स्त्री त्या रांगेच्या शेवटी उभी राहिली. या प्राधान्यक्रमाला दोष देता येत नाही, परंतु त्यामुळे ही शस्त्रक्रिया श्रीमंतांची व शहरातली ठरली, हेही नाकारता येत नाही.

खानदेशाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. यावल तालुका (जळगाव जिल्हा) तापी नदी व सातपुडा यांच्या मधल्या केळी व कापूस पिकविणाऱ्या पट्ट्यात मोडतो. येथील स्त्रिया निंदणी, खुरपणी, कापसाची वेचणी ही कामे वाकून करतात आणि चारा-सरपण डोक्यावरून आणतात. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्याचे तापमान ४५° से. च्याही पुढे जाते. मोठ्या स्तनांखालच्या घडीत साचणारा घाम, त्यातून होणारा कवकजन्य (बुरशीमुळे होणारा) कातडीचा विकार आणि वाकण्याने वाढणारी मानेची कळ या दोहोंना येथे पोषक परिस्थिती आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत स्तनबंधाच्या पट्ट्यांमुळे खांद्यावर पडणारे खोल वळ हे या विकाराचे ठळक लक्षण सांगितलेले असते. पुढे गाठ मारून खालून आधार देणाऱ्या पारंपरिक चोळीत भार खांद्यावर येत नाही. तेव्हा चोळी घालणाऱ्या वृद्ध स्त्रीच्या खांद्यावर वळ नाहीत म्हणून तिचे दुखणे सौम्य समजणे योग्य होणार नाही.

यावलहून तापी ओलांडली की भुसावळ हे रेल्वेचे मोठे प्रस्थानक लागते. तेथून मुंबई सु. ४४४ किमी. व नागपूर सु. ३९३ किमी. आहे. म्हणजे राज्यातील प्लॅस्टिक शल्यचिकित्सेची दोन आद्य केंद्रे एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांना होती आणि खानदेश जवळजवळ मध्यावर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळे येथे १९८०–९० या दशकाच्या अखेरीस व जळगाव येथे २०१८ मध्ये आले. अंतराहूनही संकोचाचा अडसर मोठा होता. पुरुष डॉक्टरपुढे छाती उघडी करावी लागेल या भीतीने रोग अंगावर काढणाऱ्या स्त्रियांसाठीच १८८५ मध्ये डफरिन निधी उभारला गेला व १८८६ मध्ये मुंबईत स्त्री डॉक्टरांचे कामा रुग्णालय उघडले. स्तनांच्या वजनाची तक्रार मात्र तेथेही रोग म्हणून नोंदली जाण्याचा तो काळ नव्हता.

निर्णयापूर्वीचा विचार : स्तनवृद्धी यौवनारंभी, गर्भारपणात, लठ्ठपणामुळे वा क्वचित काही औषधांमुळे होते. पुष्कळदा निश्चित कारण सापडत नाही. एकाच बाजूचा स्तन झपाट्याने वाढत असेल, तर प्रथम अर्बुद (गाठ) नाही याची खात्री करून घेतात. वाढ चालू असलेल्या मुलींत शस्त्रक्रिया शक्यतो आकार स्थिर होईपर्यंत लांबणीवर टाकतात, कारण नंतर पुन्हा वाढ होऊ शकते. वजन कमी करणे, योग्य मापाचा आधार व व्यायाम हे उपाय आधी सुचविले जातात. त्यांचा लाभ होतो, पण तो बहुधा टिकत नाही. अमेरिकेत अनेक केंद्रांत मिळून झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उपायांनी कायमचा आराम मिळत नसल्याचे व शस्त्रक्रियेने तो मिळत असल्याचे दिसून आले.

ही शस्त्रक्रिया गरजेची की हौसेची, हे ठरविण्याचे काम विमा कंपन्यांनीही आपल्याकडे घेतले. अमेरिकेत काढलेल्या ऊतकाचे किमान वजन, बहुधा ५०० ग्रॅ., ही अट घातली जाई. १९९१ मध्ये श्नूर यांनी शरीराच्या पृष्ठफळानुसार बदलणारी मोजपट्टी सुचविली, कारण किरकोळ बांध्याच्या स्त्रीला ३०० ग्रॅ. चे ओझेही जड होते. भारतात २०१९ मध्ये विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांनुसार सौंदर्यवर्धक व प्लॅस्टिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येतात. आरोग्याला थेट धोका असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केल्यास सवलत मिळू शकते. मानेच्या दुखण्याला असा धोका म्हणावे काय, हा वादाचा मुद्दा आहे.

धूम्रपानामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात व देठावरचे स्तनाग्र कुजण्याचा संभव वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे ते बंद करवितात. महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रिया विडी ओढत नसल्या, तरी दातांना मिश्री लावण्याची सवय अनेकींना असते. तीही भाजलेली तंबाखूच आहे. विचारल्याशिवाय ही गोष्ट सांगितली जात नाही.

दूरगामी परिणाम : मान, खांदे व पाठ यांच्या वेदनांत होणारी घट हा सर्वांत खात्रीचा परिणाम होय व ती वर्षानुवर्षे टिकते. घडीतील चिघळ बहुधा कायमची थांबते. व्रण मात्र कायम राहतात. ते वर्ष-दीड वर्षात फिके होतात, पण सावळ्या त्वचेत व्रण जाड व उंच होण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने भारतीय रुग्णांना याची कल्पना आधी देणे आवश्यक असते. स्तनाग्राचे स्पर्शज्ञान मुख्यतः चौथ्या आंतरपर्शुक (बरगड्यांमधील) तंत्रिकेच्या शाखेवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतर ते काही काळ मंदावते व बहुतेकींत परत येते. काहींत ते कायमचे कमी होते.

अपत्यास अंगावर पाजता येईल की नाही, हा खानदेशातील कुटुंबात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न. त्याचे उत्तर पद्धतीवर अवलंबून आहे. स्तनाग्राच्या मागचा ग्रंथी व दुग्धवाहिन्यांचा स्तंभ अखंड ठेवला असेल, तर दूध येण्याची शक्यता चांगली असते. तो अंशतः राखला असेल तर वरचे दूध द्यावे लागू शकते. सुटे कलम केले असेल तर पाजण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणून अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या स्त्रीने देठ कोणता, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे आणि वेदना सहन होण्याजोगी असल्यास शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर करावी, असे अनेक शल्यविशारद सुचवितात. गर्भारपण वा वजनवाढ यांमुळे स्तन पुन्हा काही प्रमाणात मोठे होतात. ऋतुनिवृत्तीनंतर ते ओघळूही शकतात.

काढलेले ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची प्रथा आहे व त्यात क्वचित आधी न कळलेला कर्करोग सापडतो. स्कँडिनेव्हियातील मोठ्या पाहण्यांत या शस्त्रक्रियेनंतर स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे कमी आढळले आहे. तथापि ते त्यासाठी करावयाचे ऑपरेशन नव्हे. शस्त्रक्रियेनंतर स्तनात राहणारे आतील व्रण, वसा मृत झाल्याने झालेल्या कठीण गाठी व कॅल्शियमाचे कण क्ष-किरण चित्रात कर्करोगासारखे दिसू शकतात. त्यामुळे पुढे वीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे तपासणीस जाताना जुन्या शस्त्रक्रियेची तारीख, काढलेल्या ऊतकाचे वजन, देठाची बाजू व ऊतक-तपासणीचा निष्कर्ष लिहिलेला रुग्णालयाचा कागद जवळ असल्यास नसत्या सुया व नसती भीती टळते. [→ प्लॅस्टिक शस्त्रक्रिया, स्तन]